तबकडीवरील चित्रपट जपतांना : जागा वांचवावी कीं चित्र?

कोणतीही वस्तु दीर्घकाळ जपून ठेवावयाची म्हटली कीं तिला जागा किती द्यावी हा प्रश्न उभा राहतो. पेटी भरली म्हणजे काय आंत ठेवावें व काय बाहेर काढावें हें घरच्या गृहिणीस ठरवावें लागतें. हाच प्रश्न आज पुष्कळ पालकांपुढें नव्या रूपानें येऊन ठाकला आहे. पंधरावीस वर्षांपूर्वीं झालेल्या लग्नांच्या, बाप्तिस्म्यांच्या व शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या डीव्हीडी तबकड्या घरोघरीं कपाटांत पडून आहेत. त्यांच्या शेजारीं विकत घेतलेल्या चित्रपटांच्या तबकड्याही आहेत. परंतु नव्या संगणकांस तबकडी घालण्याची सोय बहुधा नसते, आणि जुनीं यंत्रें एकेक करून बिघडत आहेत. तेव्हां या तबकड्यांवरील चित्रें वेळींच दुसरीकडे उतरून घेतलीं पाहिजेत, हें उघड आहे. तीं उतरतांना किती दाबून लहान करावीं व किती जशींच्या तशीं ठेवावीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम घाई कां करावयाची तें सांगूं. विकत मिळणाऱ्या चित्रपटाच्या तबकडीवर मजकूर सांच्यानें दाबून उठविलेला असतो. परंतु घरीं अथवा छायाचित्रकाराच्या दुकानांत लिहिलेल्या तबकडीवर तो एका रंगद्रव्याच्या पातळ थरावर किरणांनीं उमटविलेला असतो. ऊन, उष्णता व दमट हवा यांनीं हें रंगद्रव्य कालांतरानें बिघडतें, आणि मग तबकडी वरून चकचकीत दिसली तरी यंत्रास ती वाचतां येत नाहीं. विकतचा चित्रपट पुन्हा मिळूं शकेल, पण आजोबांचा आवाज ज्या एकाच तबकडीवर आहे ती गेली म्हणजे गेली. आपल्या देशांतील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ सालीं मोठ्या गाजावाजानें प्रसिद्ध झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. एवढ्या प्रसिद्ध कृतीची ही गत, तर आपल्या घरच्या तबकडीची काय कथा!

आतां तबकडीवर असतें काय, तें पाहूं. आपल्याकडील डीव्हीडीवरील एक चित्र आडवे ७२० व उभे ५७६, म्हणजे एकंदर ४,१४,७२० बिंदूंचें बनलेलें असतें, व अशीं २५ चित्रें दर सेकंदास डोळ्यांपुढून जातात. प्रत्येक बिंदूचा रंग नोंदण्यास तीन बाइट लागतात असें धरलें, तर दोन तासांच्या चित्रपटास सुमारें २२४ गिगाबाइट जागा लागेल. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा. पण एका थराच्या डीव्हीडीवर ४·७ व दोन थरांच्या डीव्हीडीवर ८·५ गिगाबाइट एवढीच जागा असते. तात्पर्य, तबकडीवर जें आहे तें मूळ चित्राच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही लहान आहे. तबकडी घरांत येण्यापूर्वींच तिच्यावरील चित्र चांगलेंच दाबलेलें असतें, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाचें मूळ आहे.

हें संकोचन मुख्यतः तीन युक्त्यांनीं साधतें. पहिली युक्ति आपल्या नेत्रांच्या स्वभावावर आधारलेली आहे. उजेड व अंधार यांतील बारीक भेद डोळ्यास चटकन् कळतात, परंतु रंगांतील तितके बारीक भेद कळत नाहींत. म्हणून तेजाची नोंद प्रत्येक बिंदूची ठेवून रंगाची नोंद चार बिंदूंस मिळून एकच ठेवतात, आणि निम्मी जागा वांचते. दुसरी युक्ति काळाची. व्यासपीठावर वक्ता बोलत असतां त्याचे ओठ व हात हालतात, मागील पडदा मात्र तसाच राहतो. तो पडदा दर सेकंदास पंचवीस वेळां कशास लिहावा? सुमारें अर्ध्या सेकंदास एक चित्र पूर्ण लिहितात, व मधल्या चित्रांत फक्त काय बदललें व काय कोठें सरकलें एवढेंच नोंदतात.

तिसरी युक्ति सर्वांत चतुर आहे, व ती एका भारतीयाच्या बुद्धींतून निघाली हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. चित्राचे आठ बिंदु लांब व आठ बिंदु रुंद असे लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनांतील ६४ बिंदूंचें गणितानें असें रूपांतर करितात कीं, ठळक व संथ फरक एकीकडे व अगदीं बारीक फरक दुसरीकडे अशी विभागणी होते. मग ठळक भाग नीट जपून बारीक भाग मोघम लिहितात, किंवा सोडूनही देतात. डोळ्यास त्याचा पत्ता लागत नाहीं. या गणिताची कल्पना १९४० सालीं बंगळूर येथें जन्मलेल्या नासिर अहमद यांस सुचली. अमेरिकेंत अध्यापन करीत असतां १९७२ सालीं त्यांनीं या कामासाठीं तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे साहाय्य मागितलें, पण कल्पना फारच साधी आहे म्हणून तें मिळालें नाहीं, असें त्यांनींच पुढें लिहिलें आहे. तरी नेट न सोडतां त्यांनीं काम तडीस नेलें, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ सालीं तें प्रसिद्ध केलें. आज डीव्हीडी आणि बहुतेक भ्रमणध्वनींतील छायाचित्रें त्याच गणितावर उभीं आहेत. साधी म्हणून नाकारलेली कल्पना किती दूर जाते, याचें हें उत्तम उदाहरण होय.

येथें एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. रूपांतराचें गणित उलट करतां येतें. पण मोघम लिहिण्यांत जें टाकलें तें मात्र कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. म्हणून दाबलेलें चित्र पुन्हा दाबणें म्हणजे नकलेची नकल करणें होय. छायाप्रतीची छायाप्रत काढीत गेलें असतां अक्षरें जशीं पुसट होत जातात, तसेंच येथें घडतें. पहिल्या संकोचनानें सोडलेल्या खुणाही खऱ्या चित्राचाच भाग समजून दुसरें संकोचन त्या जपत बसतें, व खरा तपशील मात्र आणखी गाळतें.

यावरून पहिला नियम निघतो : जें पुन्हा मिळण्यासारखें नाहीं तें मुळींच दाबूं नये. तबकडीवरील फाइल जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरून घ्यावी. यांत चित्राचा एक कणही कमी होत नाहीं. ‘पण जागा?’ असें कोणी विचारील. एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर पूर्ण भरलेल्या दोन थरांच्या शंभराहून अधिक तबकड्या मावतात. ज्या घरीं लग्नाच्या व समारंभाच्या मिळून दहाबारा तबकड्या आहेत, त्या घरीं जागेसाठीं चित्राचा बळी देण्याचें कांहीं एक कारण नाहीं.

मग संकोचनाचें काम कोठें पडतें? तबकड्यांचा संग्रह मोठा असेल, परगांवच्या आप्तांस प्रत धाडावयाची असेल, किंवा भ्रमणध्वनीवर पाहावयास लहान फाइल हवी असेल तेथें. अशा वेळीं मूळ प्रत राखून तिच्यावरून निराळी लहान प्रत करावी. डीव्हीडीची एमपेग-२ ही पद्धति आतां जुनी झाली. २००३ सालीं मान्य झालेली एच-२६४ ही पद्धति साधारणतः निम्म्या जागेंत तितकेंच चांगलें चित्र देते. २०१३ ची एच-२६५ त्याहूनही काटकसरी आहे, परंतु जुनीं यंत्रें ती वाचीत नाहींत. सर्व आप्तांकडे चालावयास हवी असेल तर एच-२६४ च बरी.

लहान प्रतीचें माप ठरविण्याच्या दोन रीति आहेत. एकींत आपण जागा ठरवितों व दर्जा पदरीं पडेल तो घेतों. दर सेकंदास १·५ मेगाबिट दिले तर दोन तासांस १·३५ गिगाबाइट लागतात, हें ७,२०० सेकंदांनीं गुणून व आठांनीं भागून कोणासही काढतां येईल. दुसऱ्या रीतींत आपण दर्जा ठरवितों व जागा लागेल तेवढी देतों. हँडब्रेक या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलींत एच-२६४ च्या दर्जासाठीं ० ते ५१ असा अंक असतो. अंक जितका लहान तितकें चित्र चांगलें व फाइल मोठी. डीव्हीडीच्या आकाराच्या चित्रास १८ ते २२ हे अंक योग्य समजले जातात. अंक सहानें वाढविला कीं जागा अदमासें निम्मी होते. आमच्या मतें ही दुसरी रीत अधिक शहाणपणाची. कारण सर्व प्रसंगांस सारखी जागा लागत नाहीं.

कोणत्या प्रसंगास जास्त जागा लागते, हें लग्नाच्या चित्रफितींतच पाहावें. वधूवर शांत उभे आहेत तोंवर फारसें लिहावें लागत नाहीं. पण अक्षता पडूं लागल्या, किंवा देवळाच्या दारांत फुलांच्या पाकळ्या उधळल्या, कीं प्रत्येक कण निराळ्या दिशेस जातो. मागच्या चित्रावरून पुढचें ओळखण्याची युक्ति तेथें चालत नाहीं. जागा अपुरी दिली असेल तर नेमक्या त्याच क्षणीं चित्राचे चौकोनी तुकडे दिसूं लागतात, व ज्या क्षणासाठीं सर्व खटाटोप केला तोच बिघडतो. पावसाचीं दृश्यें, पडणारें पाणी, आणि मंद उजेडांत टिपलेलीं कणीदार चित्रें यांचीही हीच गोष्ट. यास्तव सबंध तबकडी उतरण्यापूर्वीं सर्वांत कठीण असा एक मिनिटाचा भाग निवडावा, तो १८, २० व २२ या अंकांवर उतरून मोठ्या पडद्यावर पाहावा, आणि भेद न दिसेल असा सर्वांत मोठा अंक घ्यावा. तक्ते पाहून ठरविण्यापेक्षां आपल्या डोळ्यांनीं पारखणें केव्हांही श्रेष्ठ.

आणखी कांहीं चुका टाळाव्या. लहान चित्र ताणून मोठें केल्यानें तपशील वाढत नाहीं, जागा मात्र वाढते. जुन्या व्हीसीडीवरील चित्र तर आडवे ३५२ व उभे २८८ बिंदु एवढेंच असतें. तें तसेंच ठेवावें. घरगुती चित्रणांत पुष्कळदां एका आड एक ओळी टिपलेल्या असतात, त्यामुळें हालत्या वस्तूंच्या कडा फणीच्या दात्यांसारख्या दिसतात. लहान प्रत करतांना ओळी जुळविण्याची सोय चालू करावी. आवाजास जागा फार थोडी लागते, तेथें कंजूषपणा करूं नये. आणि व्हॉट्सॲपवर चित्रफीत म्हणून धाडलेली फाइल वाटेंत पुन्हा दाबली जाते, म्हणून ती दस्तऐवज म्हणून धाडावी. तिकडून आलेली प्रत मूळ समजून जपूं नये.

विकतच्या चित्रपटांविषयीं दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. त्यांतील पुष्कळ तबकड्यांस नक्कल होऊं नये म्हणून एक प्रकारचें कुलूप घातलेलें असतें. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं घातलेल्या ६५-अ कलमान्वयें, दुसऱ्याच्या हक्काचा भंग करण्याच्या हेतूनें असें कुलूप मोडणें हा गुन्हा आहे. एका तबकडीवरून प्रती काढून मित्रांत वाटणें हें दुसऱ्याच्या श्रमाचें फळ हिरावून घेणें होय. तें सहज करतां येतें म्हणून योग्य ठरत नाहीं. आपल्या घरचे व शाळेचे समारंभ मात्र आपले आहेत, आणि ते जपण्याचा भार दुसरा कोणी उचलणार नाहीं.

शेवटीं कृतीचा क्रम थोडक्यांत देतों. तबकडी मऊ कापडानें मधून कडेकडे पुसावी. गोल फिरवून पुसूं नये. जशीच्या तशी प्रत आधीं घ्यावी व ती आरंभापासून अखेरपर्यंत चालते कीं नाहीं तें पाहावें. तिची दुसरी प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर व शक्य तर निराळ्या घरीं ठेवावी, कारण हार्ड डिस्कही अमर नाहीं. मग हवी तर लहान प्रत करावी. तबकडीवर तारीख व प्रसंग लिहून तीही राहूं द्यावी. संगणक हाताळण्यांत आमचे विद्यार्थी वडिलांपेक्षां तरबेज आहेत, आणि चित्रांतील मंडळी कोण हें वडिलांसच ठाऊक आहे. म्हणून हें काम येत्या सुटींत दोघांनीं जवळ बसून करावें. हजारो लोक जेवून तृप्त झाल्यावरही आपल्या प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले. विपुलतेंतही कांहीं वायां जाऊं नये ही ती शिकवण आहे. तेव्हां काय टाकावयाचें तें आपण जाणून टाकावें. ऊन, दमट हवा व आपला आळस यांवर ती निवड सोपवूं नये.