साइट संथ की नेट? टर्मिनलला विचारा

सिंदी (रेल्वे)तल्या कोड लिहिणाऱ्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी. साइट रेंगाळली की आपण आधी रेंजला बोल लावतो. त्याआधी 'कर्ल' चालवा. डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली या नावानं आणलेलं हे मोफत साधन. त्याच्या 'डॅश डब्ल्यू' पर्यायानं डोमेनचा पत्ता मिळणं, जोडणी, पहिला बाइट येणं, असे टप्पे वेगळे दिसतात. प्रत्येक आकडा सुरुवातीपासून मोजलेला असतो, म्हणून वजाबाकी करा. जोडणी झटपट, पण पहिला बाइट उशिरा? मग दुखणं बहुधा सर्व्हरवर आहे.

तिथं पायथन असेल तर 'पाय-स्पाय' लावा. माझं सगळ्यात आवडतं! चालू प्रोग्रॅम बंद न करता, कोडची एक ओळही न बदलता कोणतं फंक्शन वेळ खातंय ते कळतं. 'रेकॉर्ड' म्हटलं की फ्लेम ग्राफ मिळतो. ही पद्धत ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये काढली. त्यात फंक्शनची पट्टी जितकी रुंद, तितका वेळ जास्त. डावीकडचं आधी आणि उजवीकडचं नंतर, असं मात्र वाचू नका.

पीएचपीत वेळ खाणारी फंक्शनं शोधायला एक्सडिबग आहेच. आज आपल्याच प्रोजेक्टवर कर्ल चालवा आणि आकडे मला पाठवा, मिळून बघू.