मुख्य कंत्राटदार करतो तरी काय?

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत श्रमविभागाविषयीं धडा चालला असतां तलासरीकडील एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न केला. त्याचे वडील इमारतींच्या कामावर सेंटरिंगचे सुतार आहेत. तो म्हणाला, "सर, वीट गवंडी लावतो, सळया फिटर बांधतो, फळ्या माझे बाबा ठोकतात, तारा वायरमन ओढतो. मग फलकावर ज्याचें नांव मोठ्या अक्षरांत असतें, तो मुख्य कंत्राटदार करतो तरी काय?" वर्ग हंसला; परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या वेळीं दिलेलें उत्तर आमचें आम्हांलाच अपुरें वाटलें, म्हणून तें येथें सविस्तर देत आहों.

प्रथम साधें घर घेऊं. गांवांतील घर बांधतांना गवंडी व सुतार एकमेकांच्या हांकेच्या अंतरावर असतात. खिडकीची चौकट बोटभर मोठी झाली, तर गवंडी भिंत थोडी तासून घेतो. चूक डोळ्यांना दिसते आणि हातानें दुरुस्त होते. वीजगृह, रसायनांचा कारखाना किंवा शास्त्रीय प्रयोगशाळा यांची गोष्ट निराळी. तेथें इमारत म्हणजे नुसता निवारा नव्हे. ती यंत्राचाच एक भाग असते. भिंत किती जाड असावी, फरशी किती सपाट असावी, हवा कोणत्या बाजूनें वाहावी, हें सर्व आंत चालणाऱ्या कार्यावरून ठरतें. अशा कामावर कारागिरांच्या अनेक टोळ्या असतात आणि एकीच्या चुकीचें फळ दुसरीला भोगावें लागतें. या टोळ्यांच्या कामांमधील सांध्यांना जो जबाबदार, तो मुख्य कंत्राटदार.

अशा कामाचा नमुना आपल्या शेजारींच आहे. डहाणूच्या दक्षिणेस, पालघर तालुक्यांत समुद्रकांठीं तारापूरचें अणुवीजगृह उभें आहे. भारतांतील हें पहिलें अणुवीजगृह. १९६४ च्या मे महिन्यांत भारत सरकारनें अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशीं करार केला आणि त्या कंपनीनें बांधकाम बेक्टेल या कंपनीकडे सोंपविलें. दोन अणुभट्ट्या बांधून, चालवून दाखवून मग किल्ली मालकाच्या हातीं द्यावयाची, अशी त्या कराराची रीत होती. ऑक्टोबर १९६९ पासून तेथील वीज रीतसर मिळूं लागली. पुढें तेथेंच प्रत्येकीं ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या बांधल्या. त्यांचें काम २००० सालीं सुरू होऊन त्या २००५ व २००६ मध्यें वीज देऊं लागल्या. या वेळीं आराखडा भारतीय इंजिनियरांचा होता आणि कामाचे मोठमोठे गट पाडून ते निरनिराळ्या कंत्राटदारांना वांटले होते. रीत बदलली; परंतु ते गट एकमेकांशीं जुळवून घेणारा कोणी तरी असावा लागतो, ही गरज बदलली नाहीं.

हें जुळविणें म्हणजे काय, तें एका भिंतीवरून पाहूं. किरणोत्सर्गी द्रव्यें जेथें हाताळावयाचीं, तेथील काँक्रीटची भिंत एक मीटर किंवा त्याहूनहि जाड असूं शकते. तिच्यांतून नळ व तारा न्याव्या लागतात. नळ सरळ आरपार नेला, तर त्याच्या पोकळींतून किरणांना वाट मिळते. म्हणून त्याला भिंतीच्या पोटांतच बांक देतात. हा नळ काँक्रीट ओतण्यापूर्वींच सळयांच्या जाळ्यांत नेमक्या जागीं बसवावा लागतो. मागाहून भिंत फोडून तो घालूं म्हटलें, तर फोडलेली भिंत पहिल्यासारखी होत नाहीं. यासाठीं ओतण्यापूर्वीं एक कागद फिरवितात. सळया बांधणारे, सुतार, नळकाम करणारे, विजेचे कारागीर, मोजणीदार या सर्वांच्या प्रमुखांनीं आपापलें काम तपासून त्यावर सही करावयाची. एक सही कमी असली, तरी ओतणें थांबलें पाहिजे. मग तयार काँक्रीटच्या गाड्या दारांत कां खोळंबून राहीनात! तें थांबविण्याचें धैर्य दाखविणें, हें मुख्य कंत्राटदाराचें पहिलें काम.

प्रयोगशाळेंत हवेचें कामहि असेंच जोखमीचें. आपल्या रसायनशाळेंत उग्र वायु तयार करतांना आम्ही खिडक्या उघडतो. मोठ्या प्रयोगशाळेंत तेवढ्यानें भागत नाहीं. तेथें व्हरांड्यांतील हवेचा दाब सर्वांत अधिक, खोलींतील त्याहून कमी, आणि विषारी धूर ओढून घेणाऱ्या कपाटांतील सर्वांत कमी ठेवतात. वारा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो, हा नियम आपण भूगोलांत शिकलों आहों. त्याच्याच बळावर दूषित हवा माणसाकडे न येतां गाळण्यांतून बाहेर जाते. आतां समजा, तार नेण्यासाठीं वायरमननें भिंतीला भोंक पाडलें आणि तें बुजविलें नाहीं. त्याचा दिवा लागतो, पंखेवाल्याचा पंखाहि फिरतो. तरी खोलींतील दाब राहत नाहीं. दोघेहि म्हणतात, "आमचें काम झालें." मग तें भोंक कोणाचें? तें मुख्य कंत्राटदाराचें.

नकाशाबरहुकूम काम केलें म्हणजे सर्व झालें, असेंहि नाहीं. कारवारजवळ कैगा येथें अणुवीजगृह बांधलें जात असतां १३ मे १९९४ रोजीं एका भट्टीच्या आंतील घुमटाच्या काँक्रीटचा खालचा थर सुटून कोसळला व कांहीं कामगार जखमी झाले. भट्टींत इंधन भरलेलें नव्हतें, म्हणून किरणांचा धोका उद्भवला नाहीं. घुमटांत ताणून बसविलेल्या पोलादी तारांमुळें काँक्रीटवर जो ताण येतो, त्याचा आराखड्यांत पुरेसा विचार झाला नव्हता, असें पुढें दिसून आलें. घुमटाचा आराखडा नव्यानें करावा लागला, आणि ती भट्टी २००० सालीं सुरू झाली. कागदावरील दोष काँक्रीटमध्यें उतरतो; म्हणून शहाणा कंत्राटदार नकाशा नुसता पाळीत नाहीं, तो समजून घेतो आणि शंका आली तर लेखी विचारतो.

डहाणूच्या खाडीजवळील औष्णिक वीजगृहाची कथा दुसऱ्या तऱ्हेची. प्रत्येकीं २५० मेगावॉटचे दोन संच तेथें १९९५ च्या सुमारास सुरू झाले. धूर उंचावर सोडण्यासाठीं सुमारें २७५ मीटरांची चिमणी उभारली. परंतु कोळशाच्या धुरांतील गंधकाचा वायु काढून टाकणारें यंत्रगृह मूळ बांधकामाबरोबर झालें नाहीं. चिकूच्या बागांची काळजी वाहणाऱ्या डहाणूकरांनीं दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमलें गेलें, आणि तें यंत्रगृह २००७ मध्यें चालूं लागलें. जें पायाबरोबर करावयाचें, तें चालत्या वीजगृहाच्या शेजारीं मागाहून करावें लागलें. हा निर्णय मालकाचा असतो, हें खरें. तथापि वेळेवर न केलेलें काम टळत नाहीं, तें पुढें उभें राहतेंच.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नामागील प्रश्न. तास संपल्यावर त्यानें हळूच सांगितलें, कीं वडिलांची दोन महिन्यांची मजुरी अडकली आहे. मुकादम पोटकंत्राटदाराकडे बोट दाखवी, आणि पोटकंत्राटदार आपल्या वरच्याकडे. भाताची कापणी आटोपतांच डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबें इमारतींच्या व वीटभट्ट्यांच्या कामावर जातात. त्यांना हा अनुभव नवा नाहीं. हेंहि एक न बुजविलेलें भोंकच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें असें ठरविलें होतें, कीं कंत्राटदारानें मजुरी दिली नाहीं तर ती मूळ मालकानें द्यावी व मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. पुढें नवे कायदे आले, तरी हें तत्त्व कायम राहिलें आहे. म्हणून पालकांस आमची विनंति आहे, कीं कामावर जातांच फलकावरील मालकाचें व मुख्य कंत्राटदाराचें नांव मुलांकडून उतरून घ्यावें, आणि भरलेल्या दिवसांची नोंद रोजच्या रोज एका वहींत करवावी.

त्या मुलानें वडिलांसाठीं तशी वही केली. आम्हीं त्याला अर्ज लिहावयास साहाय्य केलें. मजुरी मिळाली, उशिरानें मिळाली आणि थोडी कमी मिळाली, परंतु मिळाली. तो आतां दहावींत असून पुढें इंजिनियर होण्याचें म्हणतो. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें, कीं ज्या दिवशीं फलकावर त्यांचें नांव लागेल, त्या दिवसापासून भिंतींतील नळ त्यांचा, बुजवावयाचें भोंक त्यांचें, आणि फळी ठोकणाऱ्या सुताराची मजुरीहि त्यांचीच जबाबदारी.