बुडणारे लाकूड

सिरोंच्याकडच्या विद्यार्थ्यांना सागाची ओळख करून द्यायला नको. सागाचा वाळलेला ओंडका प्राणहितेत टाकला, तर तो तरंगतो. पण याच तालुक्यात वडधमच्या जंगलात असे काही ओंडके आहेत, की जे पाण्यात टाकले तर थेट तळ गाठतील. दिसायला ते लाकूडच. तंतूंच्या रेषासुद्धा दिसतात. हात लावून पाहा, दगड! वाळलेल्या सागाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 0.65 ग्रॅम, तर गारगोटीची 2.65. म्हणजे त्याच आकाराचा ओंडका चौपट जड झाला.

‘लाकडाचा दगड झाला’ असे आपण म्हणतो. पण जरा विचार करा. लाकूड मुख्यतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे बनलेले असते. गारगोटीत असते सिलिकॉन आणि ऑक्सिजन. जमिनीत कितीही काळ पुरून ठेवले, तरी कार्बनचे सिलिकॉन होणार नाही. मग हे घडले कसे?

पुरात उन्मळून पडलेले झाड वाळूगाळाखाली लवकर गाडले गेले, तर तेथे हवा फारशी पोचत नाही आणि कुजणे मंदावते. भूजलात अत्यल्प प्रमाणात सिलिका विरघळलेली असते. ते पाणी लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांतून झिरपत राहते आणि सिलिका पेशींच्या पोकळ्यांत व भिंतींवर साचत जाते. (पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, तो तुम्ही पाहिलाच असेल. तो चुन्याच्या क्षारांचा असतो, पण पाण्यातून घन पदार्थ बाहेर कसा पडतो ते त्यावरून समजेल.) दरम्यान मूळ लाकूड हळूहळू नाहीसे होते. छपराची मोडकी कौले एकेक करून बदलत गेलो, तर शेवटी जुने एकही कौल उरत नाही, छप्पर मात्र त्याच आकाराचे दिसते. येथेही तसेच झाले. द्रव्य गेले, रचना राहिली. म्हणून अशा दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर चांगल्या नमुन्यात लाकडाच्या पेशी दिसतात.

आता वय. विद्यार्थी हटकून सांगतात, “कार्बन-14 वरून काढू.” त्याचे काय होते ते पाहा. कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. दहा वेळा निम्मा झाला, की 1,024 वा भाग उरतो, आणि त्याला लागतात फक्त 57,300 वर्षे. ज्युरासिक काळ तर सुमारे 20 कोटी ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचा! हे घड्याळ केव्हाच बंद पडलेले असते.

त्यामुळे वय विचारायचे ते थराला. सिरोंच्याजवळच्या कोटा गावाच्या चुनखडकात एकोणिसाव्या शतकातच माशांचे जीवाश्म सापडले. त्या गावावरून ‘कोटा थर’ हे नाव पडले. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या याच थरांतून ‘बारापासॉरस’ या प्रचंड डायनोसॉरची हाडे निघाली. 1975 मध्ये त्याचे नामकरण झाले; सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. हाडांबरोबर झाडांचे अश्मीभूत बुंधेही मिळाले. अशा थरांतल्या जीवाश्मांची तुलना इतर देशांतल्या थरांशी करतात. ज्या थरांजवळ ज्वालामुखीची राख असते, तेथे युरेनियमचे घड्याळ चालते; युरेनियम-238 निम्मा व्हायला सुमारे 447 कोटी वर्षे लागतात.

एकदा एका विद्यार्थ्याने मला असा तुकडा आणून दिला. “सर, हा किती वर्षांचा?” मी विचारले, “कोठून उचललास?” “रस्त्याच्या कडेला पडला होता. कोणीतरी आणून टाकला असेल.” मला काही सांगता येईना. स्प्रिंगकाट्याला टांगून त्याचे हवेतले आणि पाण्यातले वजन आम्ही घेतले. घनता आली 2.6. एवढेच त्या तुकड्याकडून कळले. तो आजही आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, वयाच्या रकान्यात काही न लिहिता.