जीपच्या चासीला पट्टी मारायची का?

भातलावणी जवळ आली. खतं, रोपं, माणसं घेऊन पौड-ताम्हिणीकडच्या कच्च्या वाटांवर जुन्या जीपगाड्या पळणार. त्याआधी एवढं बघा.

गाडी खालून धुवा. पाट्यांच्या हँगरजवळ आणि स्टेअरिंग बॉक्सपाशी बारीक तडा आहे का, ते पाहा. चासी हातोडीने ठोका. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे पडले, तर आतून गंज आहे.

*तडा नाही, गंज नाही:* पट्टी नको. एकच जागा ताठ केली की ताण पट्टीच्या टोकाला जातो, पुढचा तडा तिथेच.

*तडा आहे:* तड्याच्या टोकाला भोक पाडून, घासून वेल्डिंग, मग वरून पट्टी. पट्टीची टोकं तिरकी कापा. आधी बॅटरीची वायर काढा.

*गंजून पातळ झाली:* तिथे वेल्डिंग धरत नाही. तेवढा भाग बदलूनच घ्या.

स्टेअरिंगजवळ तडा असेल तर दुरुस्तीपर्यंत गाडी उभीच ठेवा. घाटात दुसरी संधी मिळत नाही.

आणि पट्टी मारली म्हणून दोन पोती जास्त टाकू नका. ब्रेक आणि पाटे जुनेच आहेत.