शरदाचे रंग चिमुकल्या हातांत

परतीचा पाऊस ओसरला, आकाश निवळले आणि रात्री टिपूर चांदणे पडू लागले, की शरद ऋतूची चाहूल लागते. घटस्थापना, दसरा, कोजागरी, दिवाळी अशी सणांची रांगच लागते. याच सुमारास शहरांतील अनेक बालवाड्यांत 'ऋतूंची ओळख' हा विषय येतो आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेली चित्रे मुलांपुढे ठेवली जातात. या चित्रांत मेपलची लाल-नारिंगी पाने असतात, मोठाले भोपळे असतात. साडेतीन वर्षांचे मूल ते निमूटपणे रंगवते. वर्गाच्या खिडकीबाहेरचे झाड मात्र त्या दिवशी हिरवेगार असते. महाराष्ट्रात पानगळीचा काळ शरद नव्हे. आपल्याकडची बहुतेक झाडे पाने गाळतात ती थंडी सरताना, शिशिरात.

आपल्या शरदाचे साहित्य निराळे आहे. ओली माती, झेंडू आणि शेवंतीची फुले, आपट्याची पाने, घटाभोवती उगवणारे कोवळे धान्य, दिवाळीचा किल्ला आणि आकाशकंदील हे सारे दीड ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हस्तकलेचे भांडारच आहे. त्यासाठी बाजारातील महागडे संच आणावे लागत नाहीत. अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणी. बालवाडीतून 'कंदील करून आणा' अशी सूचना येते आणि रात्री अकरा वाजता आई कात्री घेऊन बसते. सकाळी देखणा कंदील शाळेत जातो, त्याला बक्षीसही मिळते. ज्याच्यासाठी तो करायचा होता, ते मूल मात्र त्या वेळी झोपलेले असते.

हात घडतो कसा?

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती मऊ कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढे वर्षागणिक हळूहळू कठीण होत जातात. ही प्रक्रिया पूर्ण व्हायला वयाची दहा-बारा वर्षे लागतात. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सर्वांत शेवटी बोटे, अशा क्रमाने हातावर ताबा येतो. म्हणून दोन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते आणि संपूर्ण हात फिरवून रेघोट्या ओढते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या चिमटीत पेन्सिल नीट धरणे बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमू लागते. त्याआधी अक्षरे गिरवण्याचा आग्रह धरला, तर हात दुखतो आणि मूल कंटाळते. माती मळणे, पाकळ्या खुडणे, कागद फाडणे या कामांतून तीच बोटे लिहिण्यासाठी आपोआप तयार होतात. हस्तकलेचे खरे फळ हेच. तयार झालेली वस्तू वाकडी असली तरी बिघडत नाही.

दीड ते तीन वर्षे : माती, कणीक, पाकळ्या

या वयात 'काहीतरी बनवणे' अपेक्षित नसते. साहित्य हाताळणे हाच खेळ असतो. दसऱ्याच्या तोरणातून उरलेली झेंडूची फुले ताटात द्यावीत. मूल एकेक पाकळी उपटते, त्यात अंगठा व तर्जनीला उत्तम व्यायाम होतो. सुट्या पाकळ्या खडूने काढलेल्या मोठ्या वर्तुळात टाकायला सांगितले, की त्याची पहिली रांगोळी तयार होते.

पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेचा एक गोळा मुलाच्या हाती द्यावा. चिमूटभर हळद घातली की पिवळा आणि बिटाचा रस घातला की गुलाबी रंग येतो. कणीक टिकावी म्हणून तिच्यात भरपूर मीठ घालण्याची पद्धत आहे. पण ज्या वयात वस्तू तोंडात जातात, त्या वयात ती टाळावी. इतके मीठ पोटात जाणे लहान मुलाला घातक ठरू शकते. बिनमिठाची कणीक रोज ताजी घ्यावी, संध्याकाळी टाकून द्यावी.

तीन ते चार वर्षे : पानांचे ठसे आणि हत्ती

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी 'सोन्या'चा ढीग पडलेला असतो आणि सहसा तो कचऱ्यात जातो. हस्तकलेसाठी याहून चांगला मुहूर्त नाही. पानाची मागची, म्हणजे शिरा उठून दिसणारी बाजू वर करावी, तिच्यावर बोटाने पोस्टर कलर लावावा, ती कागदावर पालथी ठेवावी आणि वरून तळहाताने दाबावे. पान उचलले, की जोडपानाचा शिरांसह ठसा उमटतो. हे फुलपाखरू आहे, असे मुलेच सांगतात. मोठ्यांनी आधी सांगू नये.

याच निमित्ताने एक गोष्ट मुलांना दाखवता येईल. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते. कांचनाचे पान मोठे आणि पातळ असते. दोन्ही ठसे शेजारी ठेवले, तर फरक चार वर्षांच्या मुलालाही कळतो. हस्तकलेसाठी मात्र नव्या फांद्या तोडू नयेत. सोन्याच्या नावाखाली या झाडांची दरवर्षी जी ओरबाड होते, तीत आपण भर घालायला नको.

भोंडल्याचा किंवा हादग्याचा हत्तीही या वयाला शोभतो. पाटाच्या आकाराच्या कागदावर मोठ्यांनी हत्तीची फक्त बाह्यरेषा काढावी. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे मुलाने फाडावेत आणि आत चिकटवावेत. मैद्याची खळ पुरेशी होते. कागद फाडताना दोन्ही हात विरुद्ध दिशांना चालवावे लागतात. कात्री हाती येण्यापूर्वीची ही आवश्यक तयारी आहे.

चार ते सहा वर्षे : कंदील आणि किल्ला

आता बोथट टोकाची लहान कात्री देता येते, अर्थात मोठ्यांच्या नजरेसमोर. कंदिलासाठी रंगीत आयताकृती कागद लांबीच्या बाजूने मधोमध दुमडावा. घडीच्या कडेपासून मोकळ्या कडेकडे दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर रेघा आखाव्यात. मोकळ्या कडेच्या तीन सेंटिमीटर अलीकडे त्या थांबवाव्यात. रेघांवरून कात्री मुलानेच चालवावी. घडी उलगडून कागदाची नळी करावी आणि टोके चिकटवावीत. आत दुसऱ्या रंगाची, किंचित कमी उंचीची नळी बसवून दोन्हींच्या वरच्या व खालच्या कडा जोडल्या, की बाहेरच्या पट्ट्या फुगून कंदील साकारतो. आत पणती किंवा मेणबत्ती कदापि ठेवू नये. बॅटरीवरचा छोटा दिवा पुरे.

किल्ला हे तर सगळ्या घराचे काम. सदनिकेच्या गॅलरीतही जुन्या परातीत तो उभा राहतो. विटा-दगडांवर गोणपाट टाकून माती लिंपणे मोठ्यांकडे, माती कालवणे व तिचे गोळे करणे धाकट्यांकडे आणि पायऱ्या, बुरूज, तळे पाच-सहा वर्षांच्या मुलांकडे, अशी वाटणी करावी. लक्ष्मीपूजनाच्या साधारण आठवडाभर आधी ओल्या मातीवर हळीव किंवा मोहरी पेरावी. हळीव तीन-चार दिवसांत उगवतात आणि किल्ला हिरवा होतो. महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी अशा १२ किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी एखाद्याचे छायाचित्र दाखवून गोष्ट सांगावी. मात्र मुलाचा किल्ला त्या छायाचित्रासारखाच दिसावा, असा हट्ट धरू नये.

सावधगिरी हवीच

निसर्गातले सगळेच साहित्य निरुपद्रवी नसते. लाल-काळी गुंज दिसायला मोहक असली तरी तिचे बी चावले गेल्यास जिवावर बेतू शकते. कण्हेरीची पाने-फुले विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या ज्या बिट्ट्यांनी मागच्या पिढ्या खेळल्या, त्याही विषारीच. धोत्र्याची काटेरी बोंडेही लांब ठेवावीत. तीन वर्षांखालील मुलांजवळ मणी, हरभरे, वाटाणे नकोत. नाकाकानात गेलेले कडधान्य ओलाव्याने फुगते. टिश्यू पेपर संपल्यावर उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाणारी वस्तू या वयाला धोक्याची, अशी साधी कसोटी लावावी.

रंगांच्या बाबतीतही जपावे. घरगुती रंगांमधील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे माळ्यावरच्या जुन्या डब्यांतला तैलरंग पणत्या रंगवण्यासाठी काढू नये. शेंदूर नको, कारण त्यात शिसे असू शकते. आणि चुना नको, कारण तो डोळ्यांत गेल्यास इजा होते. काव आणि तांदळाच्या पिठाची पेस्ट यांवर पणती सुरेख दिसते.

जुनाच धडा

यात नवे असे फारसे काही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडला हे काम बहरले. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने बनवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षणावर भर दिला आहे.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत पालकांनी एवढेच करावे. कागद आखून द्यावा, माती भिजवून द्यावी आणि मग आपले हात मागे घ्यावेत. दाराशी लागलेला कंदील एका बाजूला कललेला असेल, बुरूज ढासळलेला असेल. पाहुण्यांनी विचारले, तर 'हे मी केले' असे मुलाला खरेपणाने सांगता येईल.