घरच्या ध्वनिफितीचे मोल

गेल्या दिवाळीत जरीपटक्यातील एका जुन्या मित्राने मला एक ध्वनिफीत ऐकवली. सूर ओढूनताणून लावलेले, ताल पदोपदी सुटलेला आणि शब्द आयत्या वेळी सुचले तसे जोडलेले. गायक, वादक आणि निर्माते आम्ही दोघेच. 1996 च्या मे महिन्यात, बारावीची परीक्षा आटोपल्यावर, त्याच्या घराच्या मागील खोलीत आम्ही हा आमचा ‘अल्बम’ भरला होता. त्याच्याकडे कॅसिओचा छोटा की-बोर्ड होता, माझ्याकडे गावच्या भजनी मंडळातून आणलेली खंजिरी. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कूलर बंद ठेवावा लागे, कारण त्याच्या घरघरीत सारेच बुडून जाई. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको!

कोरी कॅसेट घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून चित्रपटगीतांची एक जुनी कॅसेट घेतली, तिच्या माथ्यावरच्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि ‘रेकॉर्ड’ व ‘प्ले’ ही दोन्ही बटणे एकदम दाबली. मित्राने डबल डेकवर तिची आणखी एक प्रत केली. एकूण उत्पादन दोन नग. विक्री शून्य.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने या व्यवहाराचा हिशेब मांडावयाचा तर तो तोट्याचाच निघतो. परंतु त्या फितीच्या दुसऱ्या बाजूला, एका गाण्याच्या ऐन मध्यावर, स्वयंपाकघरातून मित्राच्या आजीचा आवाज येतो. पापड भाजले आहेत, येऊन खा, असे ती सिंधीत सांगते. दोन वेळा हाक मारते, मग कोणी येत नाही असे पाहून स्वतःशीच हसते. त्या दिवशी आम्ही चिडलो होतो, गाणे बिघडले म्हणून. फाळणीनंतर सिंध सोडून जरीपटक्यात आलेल्या पिढीतली ती बाई आज नाही. तिचे छायाचित्र आहे. आवाज मात्र या एका फितीखेरीज कोठेही नाही. मित्राच्या मुलांना घरची भाषा कळते, बोलता येत नाही. 1967 साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीला स्थान मिळाले; पण भाषा टिकते ती अशा हाकांतून.

माझ्या वाट्याची प्रत कोठे गेली, हे सांगण्यास संकोच वाटतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी मी तिच्यावर इंग्रजी बातम्या भरून घेतल्या. बातम्या अर्थातच उपयुक्त होत्या. आज त्यांतील एकही आठवत नाही.

या घरगुती प्रसंगामागे एक मोठी उलथापालथ होती. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा तासभर फुलणारा राग सुमारे तीन मिनिटांत आटोपावा लागला. यंत्राची मर्यादा हीच कलेची मर्यादा झाली. शिवाय तबकड्या छापण्याचा कारखाना उभारणे हे मोठ्या भांडवलाचे काम. काय छापावयाचे हे भांडवल ठरवी. ऐकणाऱ्याच्या हाती केवळ ऐकणे उरले. फिलिप्सने 1963 मध्ये बाजारात आणलेल्या कॅसेटने हे चित्र पालटले. तिच्या यंत्रावर ऐकण्याच्या बटणाशेजारी ध्वनिमुद्रणाचे बटण होते. ऐंशीच्या दशकात चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला हे खरे. पण त्याच स्वस्ताईमुळे ज्यांच्यासाठी कोणी तबकडी छापली नसती, अशांचाही आवाज घरोघर पोहोचला. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटी मांडलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.

यावर कोणी म्हणेल, आता तर प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, मग जुन्या कॅसेटीचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. साधनांचा तुटवडा संपला. परंतु माझ्या वर्गातील एखादा विद्यार्थी मित्रासह गाणे रचतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘किती जणांनी पाहिले?’ आकडा लहान असला की तो ते पुसून टाकतो. आमच्या वेळी श्रोत्यांची संख्या दोन होती आणि तिची लाज वाटण्याचे कारणच नव्हते. पूर्वी भांडवल निवड करी, आज आकडा करतो. विनिमय मूल्य म्हणजेच संपूर्ण मूल्य, हा गैरसमज आमच्या विषयाच्या पहिल्या धड्यातच दूर केला जातो. व्यवहारात मात्र तो घट्ट रुजलेला दिसतो. त्या आजीच्या हाकेला 1996 मध्ये कोणती किंमत लागली असती? आम्ही तर तिला दोष मानले होते.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली तरुणांसाठी. दोघे मिळून वेडेवाकडे का होईना, काही गा, वाजवा, भरून ठेवा. कूलरची घरघर आणि घरच्यांच्या हाका त्यात आल्या तर येऊ द्या. दुसरी शिक्षक बंधुभगिनींसाठी. घराघरांतील माळ्यांवर अशा कॅसेटी पडून आहेत. फितीवरचा लोहकणांचा लेप उष्णतेने, दमटपणाने झिजतो, आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. चालू स्थितीतील एक टेपरेकॉर्डर, एक तार आणि एक संगणक एवढ्या सामग्रीवर कोणतेही महाविद्यालय आपल्या परिसरातील आवाज जतन करू शकेल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरची एकच कॅसेट आणावी. खर्च नगण्य आहे. विलंब मात्र महाग पडेल.

मित्राने त्या फितीची नवी प्रत मला दिली आहे. या खेपेस तिच्यावर काहीही भरणार नाही.