शटरच्या आतले बेघर

जनगणनेची बातमी आता सगळ्यांना पाठ झाली आहे. २०२१ ची २०२७ वर गेली, गणक मोबाइलवर माहिती भरणार, जातीचा रकाना येणार. वाद त्या एका रकान्यावरच अडून बसलाय. मला मात्र कुतूहल आहे ते एका रात्रीचं. लोकगणनेच्या शेवटी बेघरांना मोजण्यासाठी एक रात्र राखून ठेवलेली असते. मागच्या खेपेला ती होती २८ फेब्रुवारी २०११. त्या रात्री फलाट, पुलाखालच्या जागा, देवळांचे ओटे धुंडाळून देशभरात १७ लाख ७३ हजार माणसं मोजली गेली. महाराष्ट्रात २ लाख १० हजार, बृहन्मुंबईत जेमतेम ५७ हजार.

मुंबईत रात्री बारानंतर एकदा तरी पायी फिरलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. पण आकडा कमी आहे ही तक्रार जुनी झाली. माझी तक्रार वेगळी आहे. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा त्या रात्री गणकाला दिसतच नाही. तो हॉटेलात टेबलं जोडून झोपलेला असतो, शिलाईच्या कारखान्यात कापडाच्या तागांवर असतो, गॅरेजमधल्या गाडीच्या मागच्या सीटवर असतो, नाहीतर कुणा दोस्ताच्या खोलीत पाचांत सहावा. शटर खाली, दिवा बंद. डोक्यावर छप्पर आहे, म्हणजे जनगणनेच्या लेखी तो बेघर नाही. पंधरवड्याने मालकाशी वाजलं की वळकटी घेऊन रस्त्यावर. तोवर मोजणी आटोपलेली असते.

आणि मुलगी? ती तर फलाटावर रात्र काढण्याआधी नको त्या घरातही राहील.

ऑस्ट्रेलियाने हे कोडं व्याख्येतच सोडवलं. तिथे मित्राच्या सोफ्यावर दिवस काढणारा, एका खोलीत दाटीवाटीने कोंबलेला, असे सगळे बेघर धरले जातात. त्यांच्या २०२१ च्या गणनेत बेघर निघाले १,२२,४९४. त्यांपैकी उघड्यावर, तंबूत किंवा तात्पुरत्या आडोशाला राहणारे किती? ७,६३६. आणि एकूण बेघरांतले जवळपास पाव जण १२ ते २४ या वयाचे. आपली व्याख्या तिथे लावली असती तर हा प्रश्न त्यांच्याकडे जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष निघाला असता. (त्याच देशात बड्या कंपन्यांचे साहेब थंडीच्या एका रात्री झोपण्याची पिशवी घेऊन उघड्यावर निजतात, बेघरांसाठी देणग्या जमवतात. २००६ पासूनचा प्रकार. पैसा खरा जमतो, म्हणून थट्टा करवत नाही. पण सकाळी घरी परत जाता येणं, हाच तर सगळा फरक आहे.)

बेघरांविषयीच्या आपल्याकडच्या जनजागृतीचा चेहरा ठरून गेलाय: सहा-सात वर्षांचं मूल, विस्कटलेले केस, मोठे डोळे. कामं झालीच नाहीत असं कोण म्हणेल? १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये याच मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली. २०१३ मध्ये शहरातल्या रस्त्यांवरची मुलं मोजली गेली, ती भरली ३७,०५९. पण ही सगळी अठराच्या आतली. त्या मोजणीतली बरीच मुलं आज विशीत आहेत. त्यांच्यासाठी कुणी पोस्टर छापत नाही. मिसरूड फुटलेला पोरगा फलाटावर दिसला की आपला हात खिशातल्या पाकिटावर जातो, ते चाचपायला. कायद्याचंही तेच. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे आणि उपजीविकेचं दृश्य साधन नसताना भटकणं हेही त्याच्या व्याख्येत भीक मागणंच ठरतं.

मला इथे माई आठवतात. सिंधुताई सपकाळांना आपण 'अनाथांची माय' करून देव्हाऱ्यात बसवलं. पद्मश्री मिळाली, चित्रपट निघाला, भाषणांना मैदानं भरली. पण त्यांच्या कहाणीचा आरंभ आठवा. वर्धा जिल्ह्यातली विशीतली बाई, पोटात दिवस भरलेलं मूल, नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेली. गोठ्यात बाळंत झाली. माहेराने दार उघडलं नाही. मग रेल्वेत गाणी म्हणून भीक मागितली, आणि रात्री स्मशानात मुक्काम केला, कारण जिवंत पुरुष तिथे यायला घाबरतात. बेघर तरुणाई म्हणजे काय, हे याहून नेमकं कुठल्या अहवालाने सांगितलंय? आजची १०९८ त्या वेळी असती तरी तिच्या उपयोगाची नव्हती. तिचं वय वीस होतं.

बहुधा म्हणूनच अठरा झालं की बाहेर, हा हिशेब माईंनी कधी मानला नाही. त्यांनी सांभाळलेली मुलं शिकून, नोकरीला लागून, लग्न होऊन बाहेर पडत. मुलींची लग्नं त्या स्वतः लावून देत आणि आपल्याला जावई किती, सुना किती, हे व्यासपीठावरून मिरवत. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. त्या विनोदात एक अख्खं धोरण होतं, ते मात्र कुणी टिपून घेतलं नाही. ४ जानेवारी २०२२ ला माई गेल्या.

सरकारी धोरण नाही असंही नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना २१ व्या वर्षापर्यंत आधार देण्याची तरतूद आहे, अपवाद म्हणून २३ पर्यंत. त्यासाठी 'अनुरक्षण गृह' असतं. हा शब्द तुम्ही आज पहिल्यांदाच वाचत असाल, तर जनजागृती कुठवर पोचली ते कळलंच. मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. राज्याने २०१८ मध्ये अनाथांना १ टक्का समांतर आरक्षणही दिलं. पण हे सारं ज्याच्याकडे संस्थेचा किंवा अनाथ असल्याचा कागद आहे त्याला. दहाव्या वर्षी गाडीत बसून आलेला आणि कधीच कुठल्या बालगृहात न गेलेला पोरगा यातल्या कशातच बसत नाही.

आणि चार हजार हातात आले तरी खोली मिळते का? मुंबई-पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं तरी आधी डिपॉझिट. अकरा महिन्यांचा करार, आधार कार्डावरचा कायमचा पत्ता, पोलीस पडताळणी. मग घरमालकाचा साधासा प्रश्न: गाव कुठलं, घरी कोण कोण असतं? बालगृहातून आलेला मुलगा इथेच अडखळतो. तो अडखळला की मालक म्हणतो, कळवतो.

पैशाइतकीच उणीव आहे ती 'हा माझा आहे' असं म्हणून सही करणाऱ्याची. प्रत्येक जिल्ह्यात महिला व बालविकास विभागाचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. तुमची एखादी खोली रिकामी असेल, किंवा कुणाच्या भाडेकराराला हमीदार म्हणून राहायची तयारी असेल, तर या आठवड्यात तिथे जाऊन या. यंदा बालगृहातून अठरा पूर्ण करून कोण बाहेर पडतंय, एवढंच विचारा.